एका बाकावर बसलेले जाणकार



  ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी वकिली या अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या माती-पाण्यात गेली. धुऱ्यावरून झालेली भांडणे, पाटाच्या पाण्याची पाळी, तलावाच्या पोटातले अतिक्रमण, भूसंपादनाचा मोबदला. अशा प्रत्येक दाव्यात एक प्रश्न उभा राहतोच. ज्या गोष्टीचे ज्ञान न्यायाधीशाला नाही, ती त्याने कोणाकडून आणि कशी जाणून घ्यावी? आजचे माझे व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

त्यासाठी जो विषय घेतला आहे, त्याचे नाव आपल्या कानांना परके वाटेल. त्याला ‘हॉट टबिंग’ म्हणतात. पर्यटनाच्या जगात याचा अर्थ चारचौघांनी गरम पाण्याच्या हौदात निवांत बसणे. कंपन्यांच्या जगात, औपचारिक बैठक सोडून अशा सैल वातावरणात विचारविनिमय करणे आणि कधी कधी व्यवहारही ठरवणे. आणि न्यायालयात, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञ साक्षीदारांना एकाच वेळी शपथ देऊन, एकाच टेबलाशी बसवून, न्यायाधीशांसमोर एकमेकांशी बोलायला लावणे. तिन्ही ठिकाणी माणसे एकत्रच बसतात. मात्र आत कोणाला येऊ दिले, बोलण्याला नियम काय होता आणि शेवटी ऐकले कोणाचे, यावर सगळे अवलंबून असते. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जाणकारांना समोरासमोर बसवल्याशिवाय सत्य लवकर सापडत नाही. आणि ज्या बाकावर गावच्या जाणकाराला जागा नाही, त्या बाकावरून सापडलेले सत्य अर्धेच असते.

आधी गरम पाण्याचे थोडक्यात पाहू. आपल्या महाराष्ट्राला गरम पाण्याचे झरे नवे नाहीत. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही कुंडे मुंबईकरांना ठाऊक आहेत. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. विदर्भात मोर्शी तालुक्यातले सालबर्डी आहे. पावसाचे पाणी जमिनीच्या भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि वाट सापडली की वर येते. त्वचेच्या विकारावर, सांधेदुखीवर गुण येतो या श्रद्धेने लोक तिथे पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत.

आजच्या हॉट टबची कथाही दुखण्यातूनच सुरू होते. जकुझी नावाचे भाऊ इटलीतून कॅलिफोर्नियात गेले आणि विहिरीतून पाणी उपसणारे शेतीचे पंप बनवू लागले. त्यांच्यातल्या कँडिडो जकुझी यांच्या लहान मुलाला संधिवात होता. रुग्णालयात पाण्याच्या धारांनी शेकल्यावर त्याला आराम पडे. ती सोय घरी व्हावी म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये त्याच कुटुंबातल्या रॉय जकुझी यांनी धारा आतच बसवलेला टब काढला. शेतकऱ्याच्या पंपापासून निघालेली वस्तू आजाऱ्याच्या उपयोगी पडली आणि तिथून श्रीमंतांच्या अंगणात गेली.

त्याच कॅलिफोर्नियात हा टब कंपन्यांच्या कारभारात शिरला. व्हिडिओ गेम बनवणारी अटारी ही कंपनी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये काढली. तिथे हॉट टबमध्ये बसून बैठका होत, याच्या कथा पुढे कौतुकाने सांगितल्या गेल्या. टाय-कोट उतरला की पदाचा मान गळून पडतो, माणसे मोकळी बोलतात आणि नव्या कल्पना सुचतात, अशी त्यामागची समजूत होती. मोकळ्या बोलण्यातून कल्पना सुचतात हे खरेच आहे. पण त्या टबात उतरणे कोणाला सोयीचे होते आणि कोणाला नव्हते, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. २०१८ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स या मोठ्या परिषदेने बुशनेल यांना पायोनियर पुरस्कार जाहीर केला आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. टीका करणाऱ्यांचे म्हणणे असे, की अशा वातावरणात स्त्रियांना बरोबरीने काम करणे अवघड होते. त्या काळी तिथे काम केलेल्या काही स्त्रियांनी बुशनेल यांची बाजूही घेतली, हेही सांगायला हवे. तो निवाडा आपण इथे करणार नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की जिथे बसायला नियम नाही, तिथे ज्याला आधीच जागा आहे त्याचेच चालते. कंपनीच्या टबात हे जसे खरे आहे तसेच आपल्याकडच्या शेतघरावरच्या बैठकीत, पार्टीत आणि चहाच्या टपरीवर ठरणाऱ्या ठेक्यांतही खरे आहे. बाई तिथे नसते, मजूर नसतो आणि ज्याच्या पोटावर तो निर्णय पडणार असतो तोही नसतो.

आता न्यायालयात येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या विषयाचा गाभा इथे आहे.

न्यायालयाचा साधा नियम असा, की साक्षीदाराने जे पाहिले-ऐकले तेवढेच सांगावे, मत देऊ नये. मत देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा. या नियमाला तज्ज्ञाचा अपवाद आहे. त्या अपवादाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा खटला पाण्याचा आणि बांधाचा आहे, हे आपल्या तलावांच्या मुलखात सांगताना मला विशेष आनंद होतो. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात वेल्स नावाचे बंदर आहे. तिथल्या एका जमीनदाराने खाजणाची जमीन समुद्रापासून राखण्यासाठी बांध घातला. पुढे बंदर गाळाने भरू लागले. बंदराच्या कारभाऱ्यांचे म्हणणे, बांधामुळे भरतीचे पाणी अडले, त्यामुळे गाळ वाहून जाईना, म्हणून बांध काढावा. जमीनदाराच्या बाजूने जॉन स्मीटन हे नामांकित अभियंते उभे राहिले. एडिस्टन खडकावरचा दीपस्तंभ बांधणारे ते हेच. बंदर गाळाने भरण्याचे कारण हा बांध नव्हे, असे त्यांचे मत होते. ही साक्ष म्हणजे नुसते मत आहे, ती घेता येणार नाही, असा आक्षेप आला. १७८२ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तो आक्षेप फेटाळला. ज्याने आयुष्यभर बंदरांचा आणि पाण्याचा अभ्यास केला, त्याचे मत हाच इथला पुरावा आहे, असा त्यांचा निर्णय झाला. फोक्स विरुद्ध चॅड या नावाने हा खटला आजही शिकवला जातो.

हेच तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि तज्ज्ञाच्या मताची तरतूद आता त्याच्या कलम ३९ मध्ये आहे. जुन्या कलमात परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे एवढेच विषय होते. नव्या कलमाने ‘इतर कोणतेही क्षेत्र’ असे म्हणून दार अधिक उघडले आहे. या शब्दांकडे मी शेवटी पुन्हा येईन.

अडचण अशी, की तज्ज्ञ न्यायालयात येतो तो एका बाजूने बोलावलेला. त्याची फी ती बाजू देते. आधी वादीचा तज्ज्ञ साक्ष देतो. त्याची उलटतपासणी होते. मग तारखा पडतात, महिने जातात, कधी वर्ष उलटते, न्यायाधीशांची बदली होते. त्यानंतर प्रतिवादीचा तज्ज्ञ पिंजऱ्यात येतो. पहिला काय बोलला हे नव्या न्यायाधीशाने कागदावरच वाचायचे. दोघांत खरा मतभेद कुठे आहे, हे विषय न जाणणाऱ्या वकिलांच्या प्रश्नांतून शोधायचे. भूसंपादनाच्या मोबदल्याचे दावे ज्यांनी लढले आहेत त्यांना हे चांगले ठाऊक आहे. एक मूल्यांकनकार एकरी एक भाव सांगतो, दुसरा त्याच्या तिप्पट. दोघांना समोरासमोर बसवून ‘तुमचा नमुन्याचा व्यवहार कोणता, त्यांचा कोणता, आणि फरक कशामुळे?’ असे कोणी विचारतच नाही. शेवटी न्यायाधीशाला मधला आकडा काढावा लागतो. मधला आकडा सोयीचा असतो, खरा असेलच असे नाही.

यावर ऑस्ट्रेलियात उपाय निघाला. तिथल्या स्पर्धाविषयक न्यायाधिकरणात १९७० च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांच्या साक्षी लागोपाठ, एकमेकांच्या उपस्थितीत घेण्याची पद्धत सुरू झाली. पुढे फेडरल कोर्टाने ती नियमांत घेतली. न्यू साउथ वेल्सच्या जमीन आणि पर्यावरण न्यायालयात तिचा भरपूर वापर झाला आणि न्यायमूर्ती पीटर मॅक्लेलन यांनी तिचा आग्रहाने पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांनी दिवाणी खर्चाच्या सुधारणा सुचवल्या. त्यांच्या शिफारशीवरून मँचेस्टरच्या न्यायालयांत आधी प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये ही पद्धत तिथल्या दिवाणी प्रक्रियेत रीतसर आली. आपल्या देशात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या मूळ शाखेच्या नियमांत ‘हॉट टबिंग’ याच नावाने ती घेतली आणि २०२२ च्या पेटंट दाव्यांच्या नियमांतही तिला जागा दिली. मोबाइलचे तंत्रज्ञान, औषधांची सूत्रे असे विषय आले की न्यायालयाला तिची गरज भासते.

ही पद्धत चालते कशी ते नीट समजून घेऊ. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आधी आपापला लेखी अहवाल देतात. मग वकिलांना बाजूला ठेवून ते आपसांत भेटतात आणि एक संयुक्त निवेदन तयार करतात. त्यात दोनच रकाने असतात: कशावर आमचे एकमत आहे, आणि कशावर नाही व का नाही. सुनावणीला येताना न्यायाधीश ते वाचून येतात आणि मतभेदाच्या मुद्द्यांची क्रमवार यादी करतात. मग दोघांना एकाच वेळी शपथ दिली जाते. दोघे शेजारी शेजारी बसतात. एकेका मुद्द्यावर न्यायाधीश आधी एकाला विचारतात, मग दुसऱ्याला, मग पहिल्याला उत्तराची संधी देतात. तज्ज्ञ एकमेकांना प्रश्न विचारू शकतात. वकिलांची उलटतपासणी त्यानंतर होते. एरवी आपण एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसऱ्याला बाहेर बसवतो. इथे त्याच्या उलट आहे. घटनेच्या साक्षीदाराने दुसऱ्याचे ऐकून आपले म्हणणे बदलू नये म्हणून त्याला बाहेर ठेवणे योग्यच आहे. तज्ज्ञाने मात्र दुसऱ्याचे ऐकून आपले मत तपासावे, हीच अपेक्षा असते.

यातून काय साधते? अशिलासमोर बढाई मारणे सोपे असते. आपल्याच विषयाचा दुसरा जाणकार शेजारी बसला की अवाजवी विधान करायला जीभ रेटत नाही. मतभेदाची यादी दहा मुद्द्यांवरून दोनवर येते. वेळ वाचतो. आणि न्यायाधीशाला दोन भाषणे ऐकण्याऐवजी एक चर्चा ऐकायला मिळते.

या पद्धतीत दोषही आहेत. आवाज मोठा, इंग्रजी फाडफाड आणि पदवी भारदस्त, असा तज्ज्ञ मवाळ तज्ज्ञाला दाबून टाकतो. न्यायाधीशाने आधी अभ्यास केला नसेल तर चर्चा भरकटते. साक्षीदार खोटे बोलतो आहे असाच आरोप असेल, तिथे एकत्र बसवण्याने काही साधत नाही. तिथे उलटतपासणीच हवी. म्हणून या बाकाला शपथ, विषयपत्रिका आणि सर्वांना समान वेळ हे तीन खांब हवेतच. कंपनीच्या टबात आणि न्यायालयाच्या बाकात हाच फरक आहे. एका जागी मोकळेपणा आहे पण समता नाही, दुसरीकडे नियमाने समता आणली जाते.

आता आपल्या तालुक्यात येऊ.

अर्जुनी मोरगावचा माणूस तलावाच्या पाळीवर वाढतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो. तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन गोंड राजांनी दिली, असे परंपरा सांगते, आणि हे काम कोहळी समाजाने हाती घेतले. नवेगाव बांध कोलू पाटलांनी बांधला, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरायची, पाळ कुठे घालायची, सांडवा कोणत्या बाजूला काढायचा, खालच्या धानाच्या बांध्यांत पाट कसा फिरवायचा, हे त्या माणसांनी पदवीशिवाय ठरवले, आणि त्यांतले कित्येक तलाव आजही भरतात. पाणी वाटणारा पाणकर असे. कोणाच्या बांधीत पऱ्हे वाळते आहे आणि कोणाची रोवणी दोन दिवस थांबू शकते, हे त्याला विचारावे लागत नसे. तलावाच्या पोटात काय चालले आहे, हे मासेमारी करणारे ढिवर जाणत. मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, पाणी कोणत्या महिन्यात खालून गढूळ होते, हे त्यांच्या हाताला माहीत असते.

१९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली. तलाव सरकारचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजारीत वेठ होती, अन्याय होता, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर पाणकराची जागाही गेली आणि ढिवराचे ज्ञान कोणाच्या फायलीत उतरले नाही. आता तलावावर वाद झाला की खात्याचा अहवाल येतो, ग्रामपंचायतीचा ठराव येतो, मासेमारी संस्थेचा अर्ज येतो, वनविभागाचे पत्र येते. चार कागद चार दिशांनी येतात आणि चार माणसे एका जागी कधीच बसत नाहीत.

समजा, एका गावतलावाची पाळ पावसाळ्यात फुटली आणि खालच्या बांध्यांत गाळ-रेती भरून धान बुडाले. शेतकऱ्यांनी भरपाईचा दावा केला. शेतकऱ्यांचा अभियंता म्हणतो, दुरुस्ती नीट झाली नाही. खात्याचा अभियंता म्हणतो, अतिवृष्टी झाली, सांडव्याला पेलले नाही एवढे पाणी आले आणि ते पाळीवरून गेले, हा निसर्गाचा कोप आहे. दोघे वेगवेगळ्या तारखांना साक्ष देतात आणि दोघांचेही म्हणणे कागदावर बरोबर दिसते. आता हे दोघे एका टेबलाशी बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी त्या तलावात रोज जाळे टाकणारा ढिवर बसला आहे, असे धरा. न्यायाधीश विचारतात, ‘पाळ फुटण्याआधी तुम्ही काय पाहिले?’ तो सांगतो, ‘आठ दिवस आधीपासून पाळीच्या खालच्या अंगाला पाणी झिरपत होते.’ एक अभियंता लगेच विचारतो, ‘पाणी नितळ होते की गढूळ?’ ढिवर म्हणतो, ‘आधी नितळ होते, मग गढूळ येऊ लागले.’ इथे साऱ्या दाव्याचे पारडे फिरते. मातीच्या बांधातून नितळ पाणी पाझरणे नेहमीचे असते. गढूळ पाणी येऊ लागले म्हणजे पाणी आतली माती बरोबर घेऊन निघाले, पाळीच्या पोटात नळी तयार झाली. पाळीवरून पाणी जाऊन बांध फुटणे वेगळे आणि आतून पोखरून फुटणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आठ दिवसांची सूचना मिळालेली असते आणि ती सूचना कोणी घेतली, कोणी घेतली नाही, हा जबाबदारीचा प्रश्न होतो. ढिवराने जे पाहिले त्याचे महत्त्व अभियंत्याला कळले, आणि अभियंत्याने काय विचारायला हवे ते ढिवर समोर होता म्हणून सुचले. वेगवेगळ्या तारखांना हे घडले नसते.

हे उदाहरण मी कल्पिले आहे, पण अशा प्रश्नाची खरी किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. फुटल्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरल्याचे कारण सांगितले आणि त्यावर राज्यभर संताप उसळला. खेकडे, उंदीर, झाडांची मुळे यांनी मातीचा बांध पोखरला जातो, हे अभियांत्रिकीला मान्य आहे. प्रश्न तो नाहीच. गळती दिसते आहे असे सांगणारा गावकरी आणि तिचे मोजमाप करणारा अभियंता यांना धरण फुटण्याच्या आधी एकत्र कोणी बसवले होते का, हा प्रश्न आहे. माणसे गेल्यावर चौकशी समितीसमोर सगळे येतातच. त्याआधी त्यांना एका टेबलाशी आणणारी व्यवस्था हवी.

असे एकत्र येणे आपल्या भागाला अपरिचित नाही. नवेगाव बांधला वनाधिकारी म्हणून आलेले लेखक मारुती चितमपल्ली आणि इथलेच माधवराव पाटील डोंगरवार यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. एकाकडे वनशास्त्राचे शिक्षण होते, दुसऱ्याकडे या रानाची आणि तळ्याची आयुष्यभराची ओळख. त्या दोघांच्या सहवासातून मराठी वाङ्मयाला काय मिळाले, ते मी नव्याने सांगायला नको. अलीकडे आपल्याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना बरोबर घेऊन तलावांवर काम केले. बेशरमची झुडपे काढायची, तलावात मूळची गवते आणि पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासे परत आणायचे, हे काम ढिवरांना जे ठाऊक होते त्याच्या आधारे उभे राहिले. सारस पक्ष्याचेही तसेच. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका चालवली. सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. ज्याच्या बांधीत घरटे आहे त्या शेतकऱ्याला सोडून त्याला वाचवता येणार नाही, हे पक्षी-अभ्यासकही मानतात.

कायदाही आता त्याच बाजूला झुकतो आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तलावातल्या मासळीवरचा आणि इतर उपजांवरचा सामूहिक हक्क मान्य केला. त्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन चालते. जागेच्या पडताळणीला वनहक्क समितीबरोबर वन आणि महसूल खात्याच्या माणसांनी हजर राहायचे, असेही आहे. म्हणजे कागद, नकाशा आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण एकाच जागी, एकाच वेळी पारखायची. त्याआधीही आपल्याकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज होतेच. गावाचे पाण्यावरचे, चराईचे, मासेमारीचे रूढ हक्क त्यांत नोंदवलेले असत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांची तरतूद कायम आहे. तलावाच्या वादात ही कागदपत्रे तहसीलमधून काढून आणणारे पक्षकार मात्र फार थोडे भेटतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. पाण्याशी कोणी बसायचे, हा या देशात कधीच साधा प्रश्न नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर दावा झाला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. दहा वर्षे तो दावा चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की अशी रूढी सिद्ध झालेली नाही. रूढी आहे, असे शंभर जणांनी सांगून भागले नाही. पुरावा मागितला गेला, तो तपासला गेला आणि तो टिकला नाही.  चवदार तळ्याने दोन गोष्टी शिकवल्या. पाणी सर्वांचे असेल तर सर्वांना काठावर येता आले पाहिजे. आणि परंपरेच्या नावाने केलेले विधानही तपासाला उभे राहिले पाहिजे. म्हणून मी जेव्हा ढिवराला, पाणकराला, रोवणी करणाऱ्या बाईला तज्ज्ञाच्या शेजारी बसवा म्हणतो, तेव्हा त्यांचे बोलणे डोळे मिटून खरे माना असे म्हणत नाही. त्यांनाही शपथ द्या, त्यांनाही प्रश्न विचारा. अभियंत्याच्या अहवालाला जी कसोटी लावता तीच त्यांच्या अनुभवाला लावा. समान मान म्हणजे समान तपासही.

हे होण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायाधीशाला जागेची पाहणी स्वतः करता येते. स्थानिक चौकशीसाठी आयुक्त नेमता येतो, शास्त्रीय तपासासाठीही नेमता येतो. साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ मध्ये होता, आता तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६८ मध्ये आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तर न्यायिक सदस्यांच्या शेजारी तज्ज्ञ सदस्यच बसतात. आणि नव्या कलम ३९ मधले ‘इतर कोणतेही क्षेत्र’ हे शब्द मी मघाशी सांगितले. चाळीस वर्षे एका तलावाचे पाणी वाटणारा माणूस त्या शब्दांत बसतो की नाही, हा प्रश्न एखाद्या वकिलाने न्यायालयापुढे ठेवला पाहिजे. तो वकील अर्जुनी मोरगावचा असावा, अशी माझी इच्छा आहे.

समोर बसलेल्या तरुण वकिलांना माझे दोन आग्रह आहेत. पाण्याचा, पाळीचा, मोजणीचा किंवा मोबदल्याचा दावा हाती आला की दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे संयुक्त निवेदन मागणारा अर्ज द्या. न्यायालय नामंजूर करील, तरी द्या. अर्ज येत राहिले की पद्धत रुजते. आणि आपला जाणकार साक्षीदार गावात शोधा, त्याची साक्ष त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांत नोंदवायला लावा. तो झाडीबोलीत बोलला म्हणून त्याचे ज्ञान कमी होत नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना एक विनंती करतो. उन्हाळ्यात तलाव आटला की पाळीवर एकदा बैठक घ्या. पाटबंधारे खात्याचा अभियंता, ढिवर सोसायटीचे लोक, पाटाच्या अगदी शेवटी ज्यांची बांधी आहे ते शेतकरी आणि रोवणीला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना एका चटईवर बसवा. पाळ कुठे खचली, सांडवा कुठे उखडला, गाळ किती चढला, कोणाला पाणी पोचत नाही, हे मुद्दे एकेक करून घ्या आणि एकमत कशावर झाले, कशावर झाले नाही, हे दोन रकान्यांत लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. तो कागद पावसाळ्याआधी तहसीलदारांकडे आणि खात्याकडे पाठवा. ज्या तलावाची अशी एक नोंद दरवर्षी होत राहील, त्याची पाळ फुटण्याआधीच दुरुस्तीची मागणी कागदावर असेल, आणि वाद झालाच तर न्यायालयालाही मधला आकडा शोधत बसावे लागणार नाही.